अणुकचरा शेवटी जातो कुठे? तारापूरच्या काचेपासून गावातल्या भंगारापर्यंत

येरमाळ्याच्या आसपास एकही अणुभट्टी नाही. राज्यातला एकमेव अणुवीज प्रकल्प आहे पालघर जिल्ह्यात, तारापूरला. येरमाळ्याहून रस्त्याने जायचं तर चारशे किलोमीटरहून जास्त अंतर. मग धाराशिव जिल्ह्यातल्या पोरापोरींनी अणुकचऱ्याबद्दल वाचायचं कशाला?

कारण किरणोत्सारी पदार्थ फक्त अणुभट्टीत नसतात. कॅन्सरच्या दवाखान्यात असतात, बॉयलरचं वेल्डिंग तपासणाऱ्या यंत्रात असतात, कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून विकिरण देणाऱ्या केंद्रात असतात. हे पदार्थ ट्रकमधून, आपल्या धुळे-सोलापूर महामार्गासारख्याच रस्त्यांवरून इकडून तिकडे नेले जातात. आणि निष्काळजीपणा झाला तर ते भंगाराच्या दुकानातही पोहोचू शकतात. आपल्या देशात तसं एकदा झालंय, आणि त्यात माणूस गेलाय.

थोडक्यात

- किरणोत्सारी पदार्थ आपोआप, ठरलेल्या वेगाने कमी होत जातात. काही तासांत, काही हजारो वर्षांत.
- भारतात वापरलेलं अणुइंधन थेट कचरा मानत नाहीत. त्यातून कामाचं काढून घेतात आणि उरलेलं काचेत बंद करतात. देशातला असा पहिला प्रकल्प तारापूरचा, १९८५ सालचा.
- या 'कचऱ्या'तूनच दवाखान्यांना लागणारे काही पदार्थ मिळतात.
- सामान्य माणसाला खरा धोका अणुभट्टीपेक्षा बेवारस सापडलेल्या किरणोत्सारी वस्तूपासून जास्त असतो.
- पिवळ्या पाटीवर काळ्या तीन पात्यांची खूण दिसली की हात लावायचा नाही, लांब व्हायचं आणि ११२ ला फोन करायचा.

किरणोत्सर्ग म्हणजे काय?

काही अणूंचं केंद्र अस्थिर असतं. ते स्थिर होण्यासाठी ऊर्जा बाहेर टाकतं, कधी कणांच्या रूपात (अल्फा, बीटा), कधी किरणांच्या रूपात (गॅमा). यालाच किरणोत्सर्ग म्हणतात. अल्फा कण कागदानेही अडतो. बीटाला पातळ धातूचा पत्रा पुरतो. गॅमाला मात्र शिशाची किंवा काँक्रीटची जाड भिंत लागते.

हे किरण पेशींमधल्या रेणूंचे तुकडे करू शकतात, म्हणून ते धोकादायक. आणि नेमक्या याच कारणासाठी कॅन्सरच्या पेशी मारायला उपयोगी.

अस्थिर अणूंपैकी निम्मे संपायला जितका वेळ लागतो त्याला अर्धायुष्य म्हणतात. हा एक शब्द समजला की अणुकचऱ्याचं अर्ध गणित समजलं. काही उदाहरणं बघा:

- टेक्नेशियम-९९एम (दवाखान्यातल्या स्कॅनसाठी): ६ तास
- आयोडीन-१३१ (थायरॉइडच्या उपचारासाठी): ८ दिवस
- इरिडियम-१९२ (वेल्डिंग तपासायला): ७४ दिवस
- कोबाल्ट-६० (कॅन्सर उपचार, विकिरण केंद्रं): सव्वापाच वर्षं
- सीझियम-१३७ (अणुइंधनाच्या कचऱ्यात): ३० वर्षं
- प्लुटोनियम-२३९ (हेही वापरलेल्या इंधनात): सुमारे २४,१०० वर्षं

दहा अर्धायुष्यं गेली की मूळ पदार्थाचा हजारावा हिस्सा उरतो. म्हणजे स्कॅनचं टेक्नेशियम अडीच दिवसांत जवळपास संपतं. सीझियमला ३०० वर्षं लागतात. आपल्या नळदुर्ग किल्ल्यातला पाणी महाल आदिलशाही काळातला, चारशे वर्षांहून जुना. म्हणजे ३०० वर्षं टिकणारं बांधकाम माणसाला जमतं, त्याचा पुरावा जिल्ह्यातच उभा आहे. प्लुटोनियमला मात्र अडीच लाख वर्षं लागतात. तेवढं टिकलेलं माणसाचं एकही बांधकाम नाही. अवघड प्रश्न खरा इथे सुरू होतो.

सगळा अणुकचरा सारखा नसतो

'अणुकचरा' म्हटलं की सिनेमातला हिरवा चमकणारा द्रव आठवतो. प्रत्यक्षात बहुतेक कचरा अगदी साधा दिसतो.

*कमी तीव्रतेचा:* हातमोजे, कपडे, पुसायचे बोळे, फिल्टर. आकाराने हाच सगळ्यात जास्त. तो जाळून किंवा दाबून लहान करतात, बऱ्याचदा सिमेंटमध्ये घट्ट बसवतात आणि प्रकल्पाच्याच आवारात जमिनीलगतच्या दगडी किंवा काँक्रीटच्या खंदकांत ठेवतात. आजूबाजूला बोअर मारलेले असतात. त्यातलं पाणी वेळोवेळी तपासतात, म्हणजे गळती झालीच तर लगेच कळते.

*मध्यम तीव्रतेचा:* रासायनिक प्रक्रियेतून उरलेला गाळ, पाणी शुद्ध करणारी रेझिन, यंत्रांचे भाग. याला जाड भिंतीचं संरक्षण लागतं.

*उच्च तीव्रतेचा:* वापरलेल्या इंधनातून उरलेला अर्क. जगातल्या एकूण अणुकचऱ्यात याचा आकार जेमतेम ३ टक्के, पण एकूण किरणोत्सर्गातला सुमारे ९५ टक्के वाटा याचाच. 'अणुकचऱ्याचा प्रश्न' म्हणतात तो मुख्यतः या ३ टक्क्यांचा.

दवाखान्यांची पद्धत अजून सोपी आहे. आयोडीन-१३१ चा मोठा डोस दिलेल्या पेशंटला काही दिवस वेगळ्या खोलीत ठेवतात. त्या खोलीतलं सांडपाणी थेट गटारात सोडत नाहीत, खास टाक्यांमध्ये साठवतात. अर्धायुष्य आठच दिवसांचं, त्यामुळे काही आठवडे थांबलं की काम होतं. थांबणं हीच प्रक्रिया.

तारापूर आणि ट्रॉम्बेमध्ये नेमकं काय होतं?

तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ साली सुरू झाल्या. देशातली अणुवीज तिथूनच सुरू झाली. पुढे ५४० मेगावॉटच्या आणखी दोन भट्ट्या आल्या. इंधन भट्टीतून बाहेर काढल्यावर त्याचा प्रवास साधारण असा असतो:

१. पाण्यात थंड करणं. भट्टी बंद केली तरी इंधन गरमच राहतं, कारण आतले अणू फुटत राहतात. म्हणून ते काही वर्षं खोल पाण्याच्या टाकीत ठेवतात. पाणी उष्णताही घेतं आणि किरणही अडवतं.

२. पुनर्प्रक्रिया. इंधनाचे तुकडे करून ते नायट्रिक ॲसिडमध्ये विरघळवतात. यातला बहुतेक भाग, ९५ टक्क्यांहून जास्त, युरेनियमच असतो. थोडं प्लुटोनियम असतं. हे दोन्ही वेगळे काढून पुन्हा इंधन म्हणून वापरता येतात. भारताने हे तंत्र १९६४ मध्ये ट्रॉम्बेला, म्हणजे आजच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात सुरू केलं. अमेरिकेसारखे काही देश असं करत नाहीत, वापरलेलं इंधन तसंच साठवून ठेवतात.

३. काचीकरण. उरलेल्या द्रवात सीझियम, स्ट्राँशियमसारखे तीव्र पदार्थ असतात. द्रव गळू शकतो, सांडू शकतो. म्हणून तो आटवतात, काच बनवणारी द्रव्यं मिसळतात आणि साधारण ९५० ते १००० अंश सेल्सिअस तापमानाला वितळवतात. हा रस स्टेनलेस स्टीलच्या डब्यात ओततात, डबा वेल्ड करून बंद करतात. हे सगळं जाड भिंतीआडून, यांत्रिक हातांनी.

४. हवेवर साठवण. हे डबे तारापूरच्या खास कोठारात ठेवतात. आतली उष्णता काढायला पंखे नसतात. गरम हवा उंच धुराड्यातून वर जाते आणि तिच्या जागी थंड हवा खालून आत येते. वीज गेली तरी ही व्यवस्था चालू राहते. डबे किमान काही दशकं इथे निवायचे, असा हिशेब आहे.

पण काचच का?

बांगडीचा विचार करा. काचेच्या बांगडीचा रंग कितीही धुतलं तरी जात नाही, कारण तो वरून लावलेला नसतो, काचेच्या अंगातच मुरलेला असतो. बांगडी फुटली तरी रंग बाहेर सांडत नाही, तुकड्यातच राहतो. किरणोत्सारी अणूंचंही तसंच करतात. ते काचेच्या जाळीत अडकतात आणि पाणी लागलं तरी फार म्हणजे फार हळू सुटतात.

सगळीकडे एकच काच चालत नाही. तारापूरला सोडियमवाली बोरोसिलिकेट काच वापरली. ट्रॉम्बेच्या कचऱ्यात सल्फेट जास्त असल्याने तो या काचेत नीट मुरेना, म्हणून तिथल्या शास्त्रज्ञांनी बेरियम घातलेली काच तयार केली.

काच हजारो वर्षं टिकते हे कशावरून? याचं एक उत्तर पुरातत्त्वात मिळतं. आपल्या जिल्ह्यातलं तेर, म्हणजे जुनं तगर, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी रोमशी व्यापार करणारं शहर होतं. तिथल्या उत्खननात इतर वस्तूंबरोबर काचेचे मणीही मिळाले. इतकी शतकं मातीत पडून ते मणी अजून मणीच आहेत. युरोपातले संशोधक समुद्रात बुडालेल्या रोमन जहाजांतली काच याच कारणासाठी अभ्यासतात. पृष्ठभाग किती झिजला, आत पाणी किती शिरलं, हे मोजून पुढच्या हजारो वर्षांचा अंदाज बांधतात.

कचऱ्यातून उपचार

भाभा अणुसंशोधन केंद्राच्या कामातला हा भाग फारसा कुणाला माहीत नसतो. ट्रॉम्बेला उच्च तीव्रतेच्या कचऱ्यातून सीझियम-१३७ वेगळं काढून त्याच्या काचेच्या 'पेन्सिली' बनवतात. या रक्तपेढ्यांच्या यंत्रात वापरतात. काही पेशंटची प्रतिकारशक्ती इतकी कमी असते, की दुसऱ्याचं रक्त दिलं तर त्यातल्या पांढऱ्या पेशी पेशंटच्याच शरीरावर हल्ला करतात. रक्ताला आधी गॅमा किरण दिले की त्या पेशींची वाढ थांबते.

कचऱ्यातल्या स्ट्राँशियमपासून यट्रियम-९० मिळतं, ते कॅन्सरच्या उपचारात लागतं. रुथेनियम-१०६ ची छोटी चकती डोळ्यातल्या गाठीवर लावून उपचार करतात. दुहेरी फायदा असा, की सीझियम काढून घेतल्यावर उरलेल्या कचऱ्याची उष्णताही कमी होते.

पेन्सिल काचेचीच का, हेही महत्त्वाचं आहे. जगात पूर्वी अशा कामासाठी सीझियम क्लोराइडची पूड वापरत. मिठासारखी, पाण्यात विरघळणारी. या पुडीने काय केलं ते पुढे येतंच.

शेवटचा मुक्काम अजून ठरायचाय

काचेचे डबे तारापूरच्या कोठारात कायमचे ठेवता येणार नाहीत. त्यांचा शेवटचा मुक्काम जमिनीखाली कित्येकशे मीटर खोल, कठीण खडकात असावा, यावर जगभरातल्या बहुतेक शास्त्रज्ञांचं एकमत आहे. फिनलंडने ओल्किलुओटो बेटावर ४०० मीटरहून खोल अशी जागा खोदली आहे. भारताने कोलारच्या सोन्याच्या खाणीत सुमारे १००० मीटर खोलीवर हीटर लावून खडक तापल्यावर कसा वागतो याचे प्रयोग केले. पण भारताची अशी कायमची जागा अजून झालेली नाही. सरकारी बाजू सांगते की पुनर्प्रक्रियेमुळे आपला उच्च तीव्रतेचा कचरा इतका थोडा आहे, की सध्या घाई नाही. टीकाकार विचारतात, शेवटची सोय झालेली नसताना नवे प्रकल्प का? रत्नागिरी जिल्ह्यातल्या जैतापूरच्या वादात हा प्रश्न पुन्हा पुन्हा आला.

जागा निवडणं इतकं अवघड का, हे धाराशिव आणि लातूरच्या लोकांना वेगळं सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. सास्तूरसारखी आपल्या जिल्ह्यातली गावंही उद्ध्वस्त झाली, हजारो माणसं गेली. त्याआधी हा भाग भूकंपाच्या नकाशात सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. वर काळा बसॉल्ट, म्हणजे घट्ट जमीन, असाच समज होता. नंतर बोअर घेऊन पाहिलं तेव्हा बसॉल्टचा थर काहीशे मीटरचाच निघाला आणि त्याखाली कितीतरी जुना खडक. माणसाच्या आठवणीत भूकंप नाही म्हणून जमीन स्थिर आहे, असं धरून चालत नाही. हजारो वर्षांची हमी द्यायची तर खाली खोलवर बघावंच लागतं.

निसर्गाने मात्र एक प्रयोग आधीच करून ठेवलाय. आफ्रिकेतल्या गॅबोन देशात ओक्लो नावाची युरेनियमची खाण आहे. तिथे सुमारे दोनशे कोटी वर्षांपूर्वी जमिनीखाली आपोआप अणुभट्टी पेटली होती, हे १९७२ मध्ये लक्षात आलं. त्यातून तयार झालेलं प्लुटोनियम आणि इतर बरेच पदार्थ जिथे बनले तिथून फारसे हललेच नाहीत. योग्य खडक मिळाला तर हे शक्य आहे, एवढं त्यावरून कळतं.

दुसरा मार्ग म्हणजे दीर्घायुषी अणू कचऱ्यातून आधीच वेगळे काढणं आणि खास भट्ट्यांमध्ये जाळणं. त्यावर तारापूर आणि ट्रॉम्बेला काम चालू आहे. जमलं तर लाखो वर्षांचा प्रश्न काहीशे वर्षांवर येऊ शकतो.

आपल्या जवळचा धोका: भंगार

१९८७, ब्राझीलमधलं गोयानिया शहर. एका बंद पडलेल्या दवाखान्यातलं कॅन्सर उपचाराचं यंत्र दोन जणांनी भंगार म्हणून उचललं. आत सीझियम क्लोराइडची पूड होती, अंधारात निळसर चमकणारी. भंगारवाल्याला ती इतकी आवडली की त्याने नातेवाइकांना वाटली. कुणी अंगाला लावली. चार जण मेले, त्यात सहा वर्षांची एक मुलगी होती. २४९ जणांच्या अंगावर किंवा शरीरात किरणोत्सारी पदार्थ सापडले, लाखाहून जास्त लोकांना तपासावं लागलं.

२०१०, दिल्लीतला मायापुरी भंगार बाजार. दिल्ली विद्यापीठातलं बरीच वर्षं न वापरलेलं एक यंत्र लिलावात भंगार म्हणून विकलं गेलं. आत कोबाल्ट-६० होतं. दुकानात ते तोडलं. एका कामगाराचा मृत्यू झाला, आणखी काही जण गंभीर आजारी पडले. त्यांच्यापैकी कुणालाही आपण काय तोडतोय याची कल्पना नव्हती.

नियमाप्रमाणे अशी प्रत्येक वस्तू अणुऊर्जा नियामक मंडळाकडे नोंदलेली असावी लागते. वापर संपला की ती पुरवठादाराला किंवा ठरवून दिलेल्या कचरा केंद्राला परत द्यावी लागते. भंगारात विकणं बेकायदा आहे. वाहतुकीचे डबेही साधे नसतात. तीव्र पदार्थांचा डबा ९ मीटर उंचीवरून टाकून आणि ८०० अंशांच्या आगीत अर्धा तास ठेवून टिकतो की नाही, या कसोटीवर मंजूर होतो. म्हणजे अपघातग्रस्त ट्रकपेक्षा अडगळीत पडलेलं विसरलेलं यंत्र जास्त काळजीचं.

अशी वस्तू दिसली तर

- तीन पात्यांची खूण असलेला, आकाराच्या मानाने फारच जड वाटणारा धातूचा डबा असेल तर उचलू नका, उघडू नका, ठोकू नका.
- लांब व्हा, इतरांनाही लांब ठेवा. अंतर दुप्पट केलं की एका जागेच्या स्रोताचा मारा चौपट कमी होतो.
- फोटो काढायला जवळ जाऊ नका. लांबूनच झूम करा.
- ११२ वर फोन करा, 'किरणोत्सारी खूण आहे' असं स्पष्ट सांगा.
- हात लागलाच असेल तर साबण-पाण्याने धुवा, कपडे बदलून पिशवीत बंद करून वेगळे ठेवा आणि डॉक्टरांना नेमकं सांगा.
- ओळखीचा कुणी भंगाराचा धंदा करत असेल तर ही खूण त्याला फोनवर नक्की दाखवा. पाच मिनिटांचं काम आहे.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मोबाइलमधून असंच रेडिएशन येतं का?
नाही. फोन आणि टॉवरच्या लहरी रेडिओलहरी आहेत. अणूतले इलेक्ट्रॉन उडवण्याइतकी ऊर्जा त्यांच्यात नसते. 'रेडिएशन' हा शब्द सारखा आहे, प्रकार वेगळा.

ॲपने किरणोत्सर्ग मोजता येतो का?
बरीच 'रेडिएशन मीटर' ॲप्स फोनमधला चुंबकीय सेन्सर वापरतात. त्यांचा किरणोत्सर्गाशी संबंध नाही. कॅमेरा झाकून गॅमा मोजणारी काही ॲप्स आहेत, पण ती फक्त तीव्र किरणांनाच दाद देतात. ॲपवर शून्य दिसलं म्हणून वस्तू सुरक्षित समजू नका.

घरात रेडिएशन घेऊन आलेला पेशंट आहे. धोका आहे का?
बार्शीला नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय आहे, तिथे आपल्या भागातले पुष्कळ पेशंट जातात. भूम, परांडा आणि बार्शी या तालुक्यांतल्या कॅन्सरची नोंदवही तर १९८७ पासून चालू आहे. म्हणून हे स्पष्ट सांगायला हवं. बाहेरून यंत्राने किरण दिले असतील तर पेशंटच्या अंगात काहीही किरणोत्सारी उरत नाही. आजीजवळ बसा, एकत्र जेवा, नातवंडांना मांडीवर घेऊ द्या. तिला वेगळं ताट-वाटी देणं हा अन्याय आहे. आयोडीनसारखं औषध पोटात दिलं असेल तर मात्र डॉक्टर सांगतील तितके दिवस लहान मुलं आणि गरोदर बायका यांच्यापासून अंतर ठेवायचं.

विकिरण दिलेला कांदा, आंबा खावा का?
खावा. नाशिक जिल्ह्यातल्या लासलगावच्या केंद्रात कोबाल्ट-६० चे किरण देतात. किरण आरपार जातात, कांदा स्वतः किरणोत्सारी होत नाही. उन्हात ठेवलेली वस्तू अंधारात चमकत नाही, तसंच. याच केंद्रातून विकिरण दिलेले आंबे २००७ मध्ये अमेरिकेला गेले.

मग किती किरणोत्सर्ग 'नॉर्मल'?
माती, आकाश, अन्न यांतून जगात सरासरी माणसाला वर्षाला सुमारे २.४ मिलीसिव्हर्ट मिळतात. आपल्या शरीरातल्या पोटॅशियममधूनही दर सेकंदाला काही हजार अणू फुटत असतात. याशिवाय अणुप्रकल्पांमुळे सामान्य माणसाला वर्षाला १ मिलीसिव्हर्टपेक्षा जास्त मिळू नये, अशी भारतातली मर्यादा आहे.

कचरा समुद्रात किंवा अवकाशात का टाकत नाहीत?
समुद्रात टाकायला १९९३ पासून आंतरराष्ट्रीय बंदी आहे. अवकाशात पाठवायचा तर एक रॉकेट फुटलं तरी सगळं आपल्याच डोक्यावर. ज्या पिढीने वीज वापरली तिनेच कचरा सांभाळायचा, पुढच्यांच्या गळ्यात मारायचा नाही, हे तत्त्व आता बहुतेक देश मानतात. ते पाळायचं तर काच, कोठार, खडक आणि नोंदवही यांतलं काहीच सोडून चालत नाही.